मोबदला

खुनाच्या दोषारोपपत्रात ‘जमिनीच्या पैशांवरून वाद’ असं लिहिलेलं दिसलं, की वाचणाऱ्याच्या मनात निम्मा निकाल लागून जातो. पोलिसांच्या मनात लागतो, गावाच्या, नातलगांच्या, आणि पुष्कळदा आरोपीचं वकीलपत्र घेणाऱ्याच्याही. भाऊबंदकी आपल्या इतकी ओळखीची आहे की तिचं नाव निघालं की पुढचं काही विचारायचं सुचत नाही. बापाच्या खात्यावर कोटीभर रुपये आले, महिन्या-दोन महिन्यांत घरात भांडणं लागली, आणि बाप मेला. गोष्ट इथेच पूर्ण होते. तिला आणखी कशाची गरज आहे असं कुणाला वाटत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात २८,५२२ खुनांची नोंद आहे, आणि त्यांतल्या ९,९६२ खुनांपुढे कारण म्हणून ‘वाद’ लिहिलेलं आहे. जमीनजुमल्याचे, घरगुती, देण्याघेण्याचे असे सगळे वाद त्यात येतात. माणसं जमिनीपायी माणसं मारतात यात शंका नाही. अशांचीही वकीलपत्रं मी घेतली आहेत. पण हे कारण पोलीस ठाण्यात लिहिलं जातं, खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी, आणि एकदा लिहिलं की ते पुसत नाही. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही काम करते. पॅनेलवरून माझ्याकडे आलेल्या एका खटल्याबद्दल लिहायचं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव देत नाही, काही तपशील बदलले आहेत.

नाशिक, नगर आणि छत्रपती संभाजीनगर हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना टेकतात, त्या पट्ट्यातलं हे गाव. समृद्धी महामार्गाची आखणी तिथून गेली. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. जमीन मिळवण्यासाठी सरकारने थेट खरेदीचा मार्ग काढला होता. बाजारमूल्याच्या जवळजवळ पाचपट रक्कम, खरेदीखत झालं की पैसे थेट खात्यात. या घरची साडेतीन एकर जमीन रस्त्यात गेली, दीड एकर रस्त्याच्या पलीकडे उरली. संयुक्त मोजणीला सगळ्या खात्यांची माणसं आली. विहीर मोजली, तिचं बांधकाम मोजलं, पाइपलाइन किती फूट ते मोजलं, आंब्याची, लिंबाची, बांधावरच्या बाभळींची झाडंसुद्धा वयासकट मोजली. सातबाऱ्यावर नाव एकट्या बापाचं, तात्यांचं. जमीन त्यांच्या वडिलांकडून आलेली, म्हणजे वडिलोपार्जित, पण खातेदार एकच. सही त्यांची, फोटो त्यांचा, अंगठ्याचा ठसा त्यांचा. मोबदल्याचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये त्यांच्याच बचत खात्यात जमा झाले. त्या खात्यात तोवर पीकविम्याचे आणि दुधाचे पैसे यायचे.

तात्यांना दोन मुलगे आणि मधली मुलगी. बायको आधीच गेलेली. थोरला गावात, शेती त्याच्याकडे. धाकटा वाळूजच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, भाड्याच्या खोलीत. मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली.

पैसे आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तात्यांनी चाळीस लाख थोरल्याच्या खात्यावर वळवले. त्यातून थोरल्याने दुसऱ्या तालुक्यात पाच एकर जमीन घेतली. खरेदीखत थोरल्याच्या नावावर झालं. थोरल्याचं म्हणणं असं की सगळीकडे मोबदला वाटला जातोय, जमिनीचे भाव रोज चढतायत, थांबलो तर पुन्हा कधी शेत घेता येणार नाही, आणि तात्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तासन् तास बसवत नव्हतं, म्हणून त्यांनीच ‘तुझ्या नावावर कर’ म्हटलं. धाकट्याचं म्हणणं असं की दादाने बापाला भरीला घालून लुटलं. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ज्याने आयुष्यभर तेच रान कसलं त्याला रानाच्या बदल्यात रान हवं होतं. जो रान सोडून गेला होता त्याला घरासाठी रोकड हवी होती. यात लबाड कुणी असायची गरज नाही. बहिणीचं म्हणणं काय होतं, ते कुणी विचारलेलं नव्हतं.

तात्या रस्त्यापलीकडच्या उरलेल्या तुकड्यातल्या खोलीत झोपायचे. एका पहाटे थोरला दूध काढायला गेला तेव्हा ते खोलीबाहेर पडलेले दिसले. तोंडाला फेस, अंगावर घाम, कपडे ओले. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी आणलेल्या औषधाचा वास. थोरल्याने शेजाऱ्याची जीप बोलावून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे पोट धुतलं, ॲट्रोपिन दिलं, मग १०८च्या गाडीतून जिल्हा रुग्णालयात नेलं. मरणाऱ्याचा जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले, पण नळी घातलेली होती. डॉक्टरांनी ‘रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत नाही’ असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या गेले. ज्याच्या एका वाक्याने सगळं मिटलं असतं, त्याला ते वाक्य बोलता आलं नाही.

आधी आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. त्यात कुणाचा कुणावर संशय नव्हता. धाकट्याचाही जबाब तसाच आहे. बदल झाला तो दहाव्याला. गोदावरीच्या काठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. ताटकळून शेवटी दर्भाचा कावळा केला. आपल्याकडे हे कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. इच्छा काय राहिली, असं एकेक जण पुढे येऊन विचारतो. पोरांचं एकत्र करू, नातवाचं लग्न करू, मुलीला बघू. त्या दिवशी कुणीतरी मागून म्हटलं, ‘इच्छा राहिली नाही, दुसरंच काहीतरी राहिलंय.’ तेराव्याला पासबुक निघालं. धाकट्याने चाळीस लाखांची नोंद पहिल्यांदा तेव्हा पाहिली. त्याच आठवड्यात फिर्याद झाली. भारतीय दंड संहितेचं कलम ३०२, आरोपी थोरला आणि त्याची बायको. जेवणातून विष दिलं.

हे कावळ्याचं मी रंगवून सांगत नाही. सरकार पक्षाच्या एका साक्षीदाराने भर कोर्टात सांगितलं, ‘पिंडाला कावळा शिवला नाही, तेव्हाच आम्ही ओळखलं.’ न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं नाही, पण बोलणारा माणूस शपथेवर मनापासून बोलत होता. त्याच्या लेखी तो पुरावा होता. आणि पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबांमध्ये त्याहून भक्कम असं मला फार काही सापडलं नाही.

खटला माझ्याकडे आला त्याचं कारण पैसाच होता. तपासात पोलिसांनी तात्यांचं खातं गोठवलं, थोरल्याचंही गोठवलं. पाच एकर नवी जमीन नावावर, पण तिच्यावर वाद, त्यामुळे ती गहाणही ठेवता येईना. खासगी वकिलाची फी द्यायला घरात काही नव्हतं. थोरल्याच्या बायकोला लवकर जामीन झाला, थोरल्याला अडीच वर्षं झाला नाही. कारागृहात भेटायला गेले तेव्हा तो मला म्हणाला, ‘मॅडम, माझी म्हैस कोण बघतंय तेवढं विचारा.’ त्या भेटीत खटल्याबद्दल तो बोललाच नाही. मी विचारत राहिले, तो गोठ्याचं, कांद्याच्या चाळीचं, पोराच्या दहावीचं बोलत राहिला. निर्दोष माणसं असं वागतात आणि दोषी माणसंही असंच वागतात. त्यावरून मी काही ठरवलं नाही.

खटल्याचे कागद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नाही, सगळा परिस्थितिजन्य पुरावा. अशा खटल्यात आम्हा वकिलांचा आधार म्हणजे शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९८४चा निकाल. तोही आपल्याच मातीतला खटला. पुण्यात १९८२ साली सायनाइडने मेलेली एक नवविवाहिता आणि तिच्या नवऱ्यावरचा खुनाचा आरोप. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. विषप्रयोगाच्या खटल्यात सरकार पक्षाने चार गोष्टी दाखवायला हव्यात, असं त्या निकालात सांगितलं आहे. आरोपीला हेतू होता. मृत्यू विषानेच झाला. ते विष आरोपीकडे होतं. आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली होती. त्या बाईने आपणच विष घेतलं असण्याची शक्यता पूर्णपणे पुसली गेलेली नाही, म्हणून तो निकाल तसा लागला.

या चार गोष्टी आमच्या खटल्यावर लावून पाहा. मृत्यू विषाने झाला, यात वाद नव्हता. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक आढळल्याचं स्पष्ट होतं. विष आरोपीकडे होतं का? होतं. त्या गावातल्या प्रत्येक कांदा लावणाऱ्याकडे होतं. थोरल्याने निवेदन करून गोठ्यातून बाटली काढून दिल्याचा पंचनामा पोलिसांनी केला होता, पण शेतकऱ्याच्या गोठ्यात औषधाची बाटली सापडणं यात शोध तो काय? आणि दोन्ही पंचांनी कोर्टात सांगितलं की सह्या ठाण्यात घेतल्या. संधी? एका घरात राहणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येकाच्या जेवणात काहीही घालण्याची संधी रोजच असते. उरला हेतू. तोच काय तो घट्ट होता. म्हणजे चार पायांवर उभा राहायचा खटला एकाच पायावर उभा केला होता, आणि तो पाय इतका जाड होता की बाकीच्यांकडे कुणी बघितलंच नाही.

हेतूबद्दल न्यायालयं एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. वैर दुधारी असतं. मारायचं कारण त्यातून मिळतं, खोटं गोवायचं कारणही त्यातूनच मिळतं. मी यात आणखी एक धार घालीन. भांडणातून मरायचंही कारण मिळतं, आणि ते सगळ्यांत शेवटी आठवतं. कर्जाने मेलेला शेतकरी आपल्याला लगेच ओळखू येतो. त्याचे पंचनामे होतात, मदतीची प्रकरणं होतात. पैसा आल्यामुळे मेलेला शेतकरी ओळखू येत नाही. सव्वा कोटी खात्यावर असलेला माणूस कशाला औषध पिईल, हा प्रश्न तपासी अंमलदाराने मला उलट विचारला होता, तोही साक्षीच्या पिंजऱ्यातून. त्याला तो प्रश्न बिनतोड वाटत होता.

डॉक्टरांची उलटतपासणी सगळ्यांत महत्त्वाची होईल असं मला वाटलं होतं, आणि तिने कामही केलं. या औषधांना तीव्र वास असतो. शेतात फवारताना तो शेजारच्या वस्तीपर्यंत जातो. तो पिठल्यात, भाकरीत लपत नाही. लक्षणं पोटात गेल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत दिसू लागतात. सरकार पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे जेवण रात्री आठला झालं. एवढं मारक प्रमाण आठला पोटात गेलं असेल तर माणूस दहा-अकरापर्यंत धडधाकट राहील का, यावर डॉक्टर म्हणाले, ‘शक्यता कमी.’ डॉक्टर नीट माणूस होता. जेवढं शास्त्राला माहीत तेवढंच बोलला, माझ्यासाठीही एक शब्द जास्त नाही.

आता तात्या दहानंतर धडधाकट होते हे दाखवायला हवं होतं. थोरल्याच्या बायकोने मला सांगितलं होतं की रात्री उशिरा पलीकडच्या खोलीतला दिवा चालू होता आणि सासरे फोनवर बोलत होते. पण ती आरोपी, तिच्या शब्दाला किंमत नाही. तात्यांच्या फोनचे तपशील तपासात कुणी मागवले नव्हते. आरोपींचे मागवले होते, मेलेल्याचे नाही. आम्ही अर्ज केला तेव्हा कंपनीकडे ते ठेवण्याची मुदत उलटून गेली होती.

बहीण सरकार पक्षाची साक्षीदार होती. तिला बोलावलं होतं ते हेतू सिद्ध करायला. नऊवारीतल्या सासूबरोबर आली, मुलगा कडेवर. सरतपासात सरकारी वकिलांनी जे विचारलं त्याची उत्तरं तिने सरळ दिली. हो, पैशांवरून भांडणं होत होती. हो, दादाच्या नावावर जमीन घेतली. हो, तात्या दुःखी होते. तिच्या आवाजात कुणाहीबद्दल राग नव्हता, हे मला खटकलं. मी उभी राहिले. उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासात विचारू नये असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात आणि ते बरोबरच आहे. मी तिला एवढंच विचारलं, ‘वडिलांशी शेवटचं बोलणं कधी झालं?’

‘त्याच रात्री. दहा वाजून गेले होते. मालिका संपली होती.’

सरकारी वकील उठले. पोलिसांना दिलेल्या जबाबात हे नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. न्यायाधीशांनी तिला विचारलं, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? ती म्हणाली, ‘सांगितलं होतं. ते म्हणाले, भांडणाचं काय ते सांगा.’

मग तिने सांगितलं. मी फार विचारलं नाही. न्यायाधीश सावकाश लिहून घेत होते आणि ती त्यांच्या लिहिण्यासाठी थांबत थांबत बोलत होती. तात्या रडत होते. म्हणाले, दोघंही माझ्याशी बोलत नाहीत, एक म्हणतो सगळं दिलंत, दुसरा म्हणतो काहीच दिलं नाहीत. म्हणाले, तुझ्या नावाचं मी काही ठेवलं नाही, तुझी आई असती तर असं झालं नसतं. म्हणाले, रस्ता गेला तेव्हाच माझं संपलं होतं. ‘मला म्हणाले, उद्या ये. मग म्हणाले, नको येऊस, कशाला येतेस.’

मरणाऱ्याने मरणाच्या परिस्थितीबद्दल बोललेलं पुराव्यात येतं. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ३२मध्ये ते होतं, आणि मरण आत्महत्येचं असलं तरी ते लागू होतं हेही त्याच सारडा निकालात आहे. त्यामुळे तिचं बोलणं नोंदीवर राहिलं. सरकारी वकिलांनी तिला फितूर ठरवायची परवानगी मागितली आणि भावाला वाचवण्यासाठी बोलतेस असं सुचवलं. तिने त्यांच्याकडे बघून विचारलं, ‘वाचवून मला काय मिळणार?’ काही मिळणार नव्हतं, हे खरंच होतं. उलट होतं. थोरला तुरुंगात राहिला असता तर तिचा वाटा वाढला असता.

हा भाग मला तेव्हा पूर्णपणे कळला नव्हता. फौजदारी खटला एका दालनात चालत होता आणि वरच्या मजल्यावर दिवाणी न्यायाधीशांपुढे धाकट्याने वाटपाचा दावा लावला होता. त्यात एक परिच्छेद होता. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २५. खून करणाऱ्याला, ज्याचा खून केला त्याच्या मालमत्तेचा वारसा मिळत नाही. म्हणजे खालच्या दालनात शिक्षा झाली असती तर वरच्या दालनात तात्यांच्या हिश्श्याचा एक वाटेकरी कमी झाला असता. धाकट्याने फिर्याद त्यासाठीच केली असं मी कोर्टात सुचवलं, ते माझं कामच होतं. मनातून मला तसं वाटत नाही. त्याचा बाप मेला होता आणि त्याला शेवटचा भेटायलाही मिळाला नव्हता. दहाव्याला लोक कानाशी कुजबुजले, तेराव्याला पासबुक दिसलं. कुठल्याही मुलाने हाच निष्कर्ष काढला असता. कलम २५ त्याला त्याच्या वकिलाने सांगितलं असणार, आणि ते सांगणं हे त्या वकिलाचं काम होतं.

तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३खालच्या जबाबात न्यायाधीश प्रत्येक पुरावा आरोपीपुढे ठेवून त्याचं म्हणणं विचारायचे. थोरला प्रत्येक प्रश्नाला ‘खोटं आहे’ म्हणत गेला. आमच्याकडचे बहुतेक आरोपी तेवढंच म्हणतात. शेवटी ‘आणखी काही सांगायचं आहे का’ असं विचारल्यावर तो बोलला. ‘साहेब, पैसे आले तेव्हापासून आमच्या घरात कुणी एका ताटलीला बसलं नाही. तात्या त्या खोलीत राहायला गेले ते भांडणामुळे नाही. आमच्यापैकी कुणाच्या घरात राहिलं की दुसऱ्याला वाटायचं, तिकडे पैसे गेले. म्हणून ते एकटे राहिले.’ हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं.

निकाल निर्दोष सुटकेचा लागला. शिवाजी साहेबराव बोबडे या १९७३च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘असू शकेल’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांतलं अंतर दाखवलं होतं. आमच्या निकालपत्रात त्याचा उल्लेख होता. न्यायाधीशांनी आत्महत्या झाली असं म्हटलं नाही. ती शक्यता पुसली गेली नाही, एवढंच म्हटलं.

बाहेर धाकटा थांबला होता. तो माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं. त्याने विचारलं, ‘मॅडम, मग तात्यांना कुणी मारलं?’ मी त्याला सांगितलं की तुझ्या दादाने मारलं हे सिद्ध झालं नाही, कोर्टाने एवढंच सांगितलंय. ‘ते कळलं. पण कुणी?’ असं तो पुन्हा म्हणाला. माझं मत मी त्याला दिलं. तात्यांनी स्वतः औषध घेतलं असं मला वाटतं, बहिणीचं बोलणं ऐकल्यावर माझ्या मनात दुसरं काही राहिलेलं नाही. तो म्हणाला, ‘मग तर आम्ही दोघांनीही मारलं.’ त्यावर मी काही बोलले नाही, कारण ते तसं नव्हतं हे मला त्याला पटवता आलं नसतं.

नव्हतं, असं मी आजही म्हणेन. दोन भाऊ पैशांवरून भांडले म्हणून बाप मरत नाही. भांडण करायला त्यांना कुठलीच जागा दिली गेली नाही, म्हणून ते सगळं एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर आलं. सरकारच्या दृष्टीने तो व्यवहार एक साधं खरेदीखत होता. विकणारा एक, घेणारा एक. २०१३चा भूसंपादन कायदा पाहिला तर त्यात मोबदल्याच्या वाटणीवरून वाद असला तर ती रक्कम त्याच कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे भरून वाद तिथे सोडवण्याची सोय आहे. थेट खरेदीत ती वेळच आली नाही. आणि वडिलोपार्जित जमिनीत वाटेकरी कोण, याचं उत्तर तर केव्हाच दिलेलं होतं. महाराष्ट्राने १९९४मध्ये मुलींना सहदायिकीत घेतलं, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, बाप हयात असो वा नसो. म्हणजे पैसे खात्यात पडले तेव्हा ते चार जणांचे होते, तात्या आणि तीन मुलं, प्रत्येकी चौथा हिस्सा. तात्यांनी कुणाला काय दिलं, कुणाचं काय राहिलं, हा प्रश्नच चुकीचा होता. सगळं त्यांचं नव्हतंच. त्यांना हे कुणी सांगितलं असतं, तर ‘सगळं दिलंत’ आणि ‘काहीच दिलं नाहीत’ यांच्यामध्ये त्यांना एकट्याने बसावं लागलं नसतं.

वाटपाचा दावा अजून चालू आहे. खात्यातली उरलेली रक्कम कोर्टाच्या आदेशाने मुदत ठेवीत आहे. थोरल्याने घेतलेली पाच एकर एकत्र कुटुंबाच्या पैशातून आली, म्हणून तीही वाटणीत येणार, यावर आता तिघांच्याही वकिलांचं जवळजवळ एकमत आहे. बहीण त्या दाव्यात प्रतिवादी आहे. तिने हक्कसोडपत्र करून द्यावं असा निरोप दोन्हीकडून गेला होता, अगदी निकालानंतरही. तिने सही दिलेली नाही, आणि त्याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. ज्या माणसाने पदरचं नुकसान करून भावाबद्दल खरं सांगितलं, त्याने स्वतःच्या वाट्याबद्दलही खरंच सांगावं.

हल्ली माझ्याकडे मोबदल्याची माणसं आधी येऊ लागली आहेत. पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्यातली, दुसऱ्या रस्त्यांतली. फौजदारीच्या वकिलाकडे ती का येतात ते मला नीट सांगता येणार नाही, पण हा खटला पंचक्रोशीत ठाऊक आहे, त्याचा संबंध असावा. मी त्यांना तीन गोष्टी सांगते. संयुक्त मोजणीच्या आधी सगळ्या वारसांची नावं आणि हिस्से कागदावर घ्या, मुलींचे सुद्धा, त्यांनी मागितले नसले तरी. खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा आणि प्रत्येकाचं खातं वेगळं लिहून घ्या. आणि त्यावर एकमत होत नसेल तर सही करू नका, रक्कम कायद्याने जिथे भरायची तिथे भरू द्या, तिथे भांडा. मागच्या उन्हाळ्यात एक बाप तीन मुलींना आणि एका मुलाला घेऊन आला. मसुद्याची पहिली दोन पानं वाचून होईपर्यंत मुलगा उठून बाहेर गेला, थोड्या वेळाने परत आला, आणि धाकट्या बहिणीने विचार करायला आठ दिवस मागितले. मी तारीख लिहून दिली आणि सांगितलं की आठाचे पंधरा झाले तरी चालेल, पण या चौघा मुलांच्या होकाराशिवाय कुणाची सही होणार नाही.